सभासद कोण? मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांच्या उंबरठ्याचा इतिहास

मुंबई, ठाणे आणि पुणे या शहरांत गेल्या तीन दशकांत उभ्या राहिलेल्या निवासी संकुलांचे वर्णन करताना उंच कुंपणभिंत, पहारेकऱ्याची चौकी, पाहुण्यांची नोंदवही आणि आत काय चालेल व काय चालणार नाही हे सांगणारी लांबलचक नियमावली यांचा उल्लेख हमखास होतो, आणि हा सारा प्रकार अमेरिकेतील उपनगरांकडून उसना घेतलेला आहे असे सहसा गृहीत धरले जाते. भिंत आणि चौकी यांच्यापुरते हे काही अंशी खरे असेलही. परंतु आत कोणाला घ्यायचे हे ठरविणारी जी संस्था त्या भिंतीआड बसलेली असते, ती सहकारी गृहनिर्माण संस्था, म्हणजेच रोजच्या बोलण्यातली ‘सोसायटी’, मुंबईत शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे, आणि ‘सभासद कोण?’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत आहे. या प्रश्नाची उत्तरे मात्र काळानुसार बदलत गेली. ज्याचे भांडवल त्याच्या हाती प्रवेशाची किल्ली, हे त्या बदलांमागचे सूत्र होय. घर बांधण्याचा पैसा जसजसा ज्ञातिबांधवांकडून सरकारकडे आणि सरकारकडून बांधकाम व्यावसायिकाकडे सरकत गेला, तसतसा शेजारी निवडण्याचा अधिकारही लेखी पोटनियमांतून निसटून अलिखित रिवाजांत जाऊन बसला.

पेठ, आळी आणि वाडी

वस्तीला दरवाजा असणे ही गोष्ट पश्चिम भारताला नवी नव्हती. अहमदाबादेतील ‘पोळ’ म्हणजे एका वेशीतून आत शिरणारी आणि रात्री ती वेस बंद करून घेणारी गल्ली होय. तिथे बहुधा एका ज्ञातीची किंवा एका धंद्याची घरे असत आणि सामाईक व्यवहार पोळीचे पंच पाहत. पेशवाईतील पुण्याचे स्वरूप निराळे होते, तरी तिथेही पेठांच्या पोटात तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा अशा वस्त्या धंद्यानुसार, म्हणजे पर्यायाने जातीनुसार, वसलेल्या होत्या. सरदार-सावकारांच्या वाड्यांना दिंडी दरवाजा असे, म्हणजे मोठ्या दरवाजाच्या फळीत माणसाने वाकून आत यावे एवढीच एक छोटी वाट ठेवलेली असे, आणि रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर फिरणाऱ्यास कोतवालाची माणसे अटकाव करीत. मुंबईत गिरगाव परिसरातील वाड्यांनी ही परंपरा शहरी भाडेपद्धतीशी जोडून घेतली. वाडीचा मालक एक असे, भाडेकरू अनेक असत, आणि एका गावच्या किंवा एका ज्ञातीच्या बिऱ्हाडाने दुसऱ्याची शिफारस करावी या रीतीने चाळीच्या चाळी एकजिनसी होत जात.

या सर्व व्यवस्थांत आणि नंतरच्या सोसायटीत एक महत्त्वाचा फरक आहे. पोळीचा, वाड्याचा किंवा वाडीचा उंबरठा रूढी, राजसत्ता किंवा मालक यांच्या ताब्यात होता. तो ओलांडण्याच्या अटी छापील स्वरूपात कोणी नोंदवून ठेवल्या नव्हत्या आणि त्या मोडल्या गेल्यास दाद मागण्यासाठी सरकारी अधिकारीही नव्हता. रूढीचे हे क्षेत्र कायद्याच्या भाषेत उतरले ते विसाव्या शतकाच्या आरंभी.

जात हेच तारण

१८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ आली आणि दाटीवाटीच्या चाळींतील कोंदट खोल्यांकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ साली मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले; ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ या नावाने परिचित असलेल्या या मंडळाने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि बेटाच्या उत्तरेस दादर, माटुंगा, शीव या भागांत नव्या वसाहती आखल्या. मात्र भूखंड पाडले म्हणजे घरे होत नाहीत. सरकारी कचेरीतल्या किंवा पेढीवरल्या कारकुनाचा पगार नियमित असला तरी त्याच्यापाशी गहाण टाकण्याजोगी मालमत्ता नव्हती, सावकाराचा व्याजदर त्याला झेपत नव्हता, आणि भाड्याच्या खोलीत आयुष्य काढण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

ही कोंडी फोडण्याचे साधन सहकाराच्या कायद्याने पुरविले. १९०४ सालचा पहिला कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज इतर उद्देशांच्या संस्थांनाही नोंदणीची मुभा दिली. या दुसऱ्या कायद्यातील एक अट लक्षात घेण्याजोगी आहे. सभासदांना कर्ज देणारी संस्था नोंदवायची असल्यास तिचे सभासद एका गावात, शहरात किंवा गावांच्या समूहात राहणारे असावेत, अथवा निबंधकाने निराळा आदेश दिला नसल्यास ते एकाच जमातीचे, वर्गाचे, जातीचे किंवा व्यवसायाचे असावेत, असे कलम त्यात होते. निबंधक म्हणजे सहकारी संस्थांची नोंदणी व देखरेख करणारा सरकारी अधिकारी. कायदा करणाऱ्यांच्या दृष्टीने जात ही इथे विटाळाची बाब नसून आर्थिक पतीची बाब होती: ज्याच्या घरच्या लग्नामुंजीला आपण जातो त्याचे कर्ज थकले तर आपल्याला कळते, आणि चारचौघांत मान खाली घालावी लागेल या धास्तीने तोही हप्ता भरतो. ज्याच्यापाशी दुसरे तारण नव्हते त्याचे तारण म्हणजे त्याची ज्ञाती.

या तर्काचा सर्वांत यशस्वी प्रयोग चित्रापूर सारस्वतांनी केला. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मुंबई इलाख्यात आल्यानंतर तिथले इंग्रजी शिकलेले तरुण नोकरीसाठी मुंबईकडे वळले होते. त्यांच्यापैकी श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने सहकारी पतपेढी काढली, जी पुढे बँक झाली, आणि १९१५ साली त्यांच्याच पुढाकाराने गामदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. मुंबईतील या प्रकारची ती आद्य संस्था मानली जाते. आधी पत, मग घर हा क्रम आपोआप आलेला नव्हता. एकमेकांना कर्ज देऊन ते फेडून घेण्याची सवय अंगी बाणलेल्या समूहालाच पुढे एकत्र इमारत बांधण्याचे धाडस करता आले.

संस्थेची कार्यपद्धती समजून घेतल्यावाचून तिच्या नियमांचा अर्थ लागत नाही. सभासद भाग विकत घेई आणि काही रक्कम अनामत भरी. उरलेली रक्कम संस्था कर्जाऊ उभी करी आणि सभासद ती मासिक हप्त्यांनी फेडी. संस्थांचे दोन मुख्य प्रकार रूढ झाले. पहिल्यात जमीन संस्थेची आणि तिच्यावरील घर सभासदाचे असे, त्यास ‘भाडेकरू-मालकी’ संस्था म्हणत; दुसऱ्यात जमीन व इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची आणि सभासदाकडे केवळ भाग व राहण्याचा हक्क, त्यास ‘भाडेकरू-सहभागीदारी’ संस्था म्हणत, आणि तिचा नमुना १९०१ साली लंडनजवळच्या ईलिंग येथे स्थापन झालेल्या भाडेकरूंच्या संस्थेसारख्या इंग्लंडमधील प्रयोगांतून आला होता. दुसऱ्या प्रकारात सभासद घर ‘विकत’ नसे, तो आपले भाग हस्तांतरित करीत असे, आणि ते कोणाला हस्तांतरित व्हावेत याला संस्थेच्या समितीची संमती लागे. एका सभासदाचा हप्ता थकला तर कर्जाचा बोजा इतरांवर पडणार असल्यामुळे नवा माणूस कोण आहे हे पाहण्याचा समितीचा आग्रह व्यवहाराला धरून होता. अर्थात या व्यवहाराच्या आडून सोवळेओवळे, खाणेपिणे आणि सोयरिकी यांचेही रक्षण होत होते. दोन्ही हेतू एकाच पोटनियमात सुखाने नांदत होते, आणि पुढच्या काळातल्या सगळ्या वादांचे बीज या सहवासातच आहे.

कॉलन्या, चाळी आणि मागला जिना

दादर-माटुंग्याच्या नव्या आखणीत हे तत्त्व भूगोलात उतरले. ट्रस्टमध्ये अभियंता असलेले मंचेरजी एदलजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि त्यांतून दादरची पारशी कॉलनी वसली. जेरबाई नसरवानजी वाडिया यांच्या देणगीतून उभे राहिलेले कुलाब्याचे खुस्रो बाग किंवा भायखळ्याचे रुस्तम बाग यांना जशी वेस आणि कुंपणभिंत आहे तशी या कॉलनीला नाही. तिच्यातून शहराचे सार्वजनिक रस्ते जातात, बागा सर्वांना खुल्या आहेत, आणि तरीही तिथे कोणी राहायचे हे भाडेपट्ट्याच्या व संस्थेच्या अटींनी पिढ्यान्‌पिढ्या ठरत आले. भिंत आणि प्रवेशाचा नियम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि भिंतीवाचूनही नियम चोख काम करतो, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते. शेजारी हिंदू कॉलनी होती, तर माटुंग्यात दक्षिण भारतीयांची वस्ती दाट होत गेली.

याच काळात कामगारांसाठी सरकारने निराळा मार्ग धरला. ट्रस्टने स्वतः चाळी बांधल्या, आणि १९२० नंतर मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या, ज्या आजही ‘बीडीडी चाळी’ म्हणून ओळखल्या जातात. एकेका खोलीच्या या चाळींत राहणारा माणूस सरकारचा भाडेकरू होता. शेजारी निवडण्याचा अधिकार त्याला नव्हता आणि घरमालकीची आशाही नव्हती. मध्यमवर्गाला संस्था आणि श्रमिकाला खोली, अशी ही विभागणी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मुंबईतील वास्तव्य या दोन्ही जगांतून गेले. परळच्या ट्रस्टच्या चाळीत दीर्घकाळ राहिल्यानंतर १९३० च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. त्याआधी १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी गेले असता त्यांची जात कळल्यावर तिथल्या पारशी सराईतून त्यांना बाहेर काढण्यात आले होते, आणि दुसरीकडे कुठेही आसरा न मिळाल्याने कामाठी बागेत गाडीच्या वेळेपर्यंत बसून राहावे लागले होते. परदेशातील शिक्षण, पदवी आणि संस्थानची नोकरी यांपैकी काहीही त्या उंबरठ्यावर कामास आले नव्हते.

उंबरठा केवळ इमारतीच्या दर्शनी बाजूस होता असेही नाही. गिरगाव, गामदेवी, दादर या भागांतील जुन्या इमारतींच्या मागल्या बाजूस अजूनही काही ठिकाणी एक लोखंडी जिना दिसतो: एका माणसापुरता अरुंद, स्वतःभोवती गोल वळत गच्चीपर्यंत जाणारा, आणि प्रत्येक मजल्यावर संडासाच्या मागल्या दाराशी टेकणारा. चाळीतल्या सामाईक संडासाऐवजी घरातच संडास असणे ही ‘ब्लॉक’ म्हणवणाऱ्या नव्या घराची मोठी नवलाई होती. परंतु तो साफ करणारा सफाई कामगार घरातून जाऊ नये, दर्शनी जिन्यावर तर मुळीच दिसू नये, या अपेक्षेने त्याच्यासाठी इमारतीच्या पाठीवर ही निराळी वाट जडविण्यात आली. ज्या काळात समोरच्या दारी कोणी यायचे हे पोटनियम ठरवीत होते, त्याच काळात मागच्या दारी कोणी यायचे हे वास्तुरचनेने ठरवून टाकले होते. सांडपाण्याच्या नळांनी त्या जिन्याचे काम संपविले, पण घरात राबणाऱ्याची वाट निराळी ठेवण्याची कल्पना त्यामुळे संपली नाही.

सरकार जमीन देते

स्वातंत्र्यानंतर पैशाचा आणि जमिनीचा ओघ बदलला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकल्यामुळे भाड्याने देण्यासाठी चाळी बांधण्यात गुंतवणूकदाराला रस उरला नाही. जुन्या भाडेकरूचा हक्क बाजारात ‘पागडी’ देऊन हातोहात बदलू लागला आणि नव्या घरांसाठी सहकारी संस्था हाच प्रमुख मार्ग उरला. या संस्थांना जमीन देणारे मुख्यतः सरकार असल्यामुळे प्रवेशाच्या अटींतही सरकारचा हात शिरला. १९१२ च्या कायद्यातील जात, वर्ग आणि व्यवसाय या शब्दांपैकी ‘व्यवसाय’ हा शब्द लोकशाही राज्याला सर्वांत सोयीचा होता. वांद्रे पूर्व येथे चित्रकारांचे कलानगर झाले, आणि १९६० च्या दशकात लेखकांचे ‘साहित्य सहवास’ उभे राहिले, जिथल्या इमारतींना ‘झपूर्झा’, ‘उषःकाल’ अशी नावे देण्यात आली. ठिकठिकाणी पत्रकार नगरे, प्राध्यापकांच्या, बँक कर्मचाऱ्यांच्या आणि पोलिसांच्या संस्था झाल्या. ज्ञातीच्या जागी पेशा आला, तरी ओळखीच्या माणसाशेजारी राहण्याची मूळ ओढ तीच होती, आणि एकेका पेशात कोणत्या जातींचा भरणा आहे याचे प्रतिबिंब या नव्या वसाहतींतही पडल्यावाचून राहिले नाही.

या प्रतिबिंबाला छेद देण्याचे प्रयत्नही सरकारच्याच बाजूने झाले. मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतंत्र अर्थसाहाय्य योजना राबविली गेली, आणि सरकारी जमीन घेणाऱ्या सर्वसाधारण संस्थांवर ठरावीक प्रमाणात मागासवर्गीय सभासद घेण्याची अट घालण्यात आली. पहिल्या मार्गाने वंचितांना घर मिळाले, पण त्यांची वसाहत निराळी राहिली. दुसऱ्या मार्गाने एकाच जिन्यावर निरनिराळ्या जातींची दारे येण्याची शक्यता निर्माण झाली. तिसरी गोष्ट फौजदारी कायद्याने केली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने, जो पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जाऊ लागला, कोणत्याही वस्तीत निवासी जागा बांधण्यास, घेण्यास किंवा तिथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडल्यास ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे, उलट सिद्ध होईपर्यंत, न्यायालयाने गृहीत धरावे अशी तरतूदही त्यात होती.

अनोळखी माणसांची संस्था

संस्थेचा स्वभाव खऱ्या अर्थाने पालटला तो १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियमानंतर, ज्याचा उल्लेख वकील आणि बिल्डर त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मोफा’ असा करतात. या कायद्यापूर्वीचा क्रम असा होता: ओळखीचे लोक एकत्र येत, संस्था नोंदवीत, जमीन घेत आणि मग इमारत बांधीत. आता क्रम उलटा झाला. प्रवर्तक, म्हणजे बांधकाम व्यावसायिक, आधी जमीन घेई, इमारतीचा आराखडा दाखवून एकेका ग्राहकाला सदनिका विकी, आणि पुरेसे ग्राहक जमले की त्यांची संस्था नोंदविण्याचे कर्तव्य कायद्याने त्याच्यावर टाकले होते. परस्परांना कधी न भेटलेली माणसे एका संस्थेची संस्थापक सभासद होऊ लागली. हप्ता बँकेचा होता, शेजाऱ्याने तो थकविला तर संस्थेचे काही बिघडत नव्हते, आणि त्यामुळे ज्या व्यावहारिक कारणासाठी समितीला नव्या सभासदाची पारख करण्याचा अधिकार मिळाला होता, ते कारणच नाहीसे झाले.

राज्याच्या कायद्याची दिशाही त्याला अनुरूप होती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या २३ व्या कलमात ‘खुल्या सभासदत्वा’चे तत्त्व आहे: कायद्यानुसार आणि उपविधींनुसार पात्र असलेल्या व्यक्तीस पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. उपविधी म्हणजे संस्थेचे नोंदणीकृत पोटनियम. दार उघडे ठेवणाऱ्या या वाक्यात ‘उपविधींनुसार’ हा एक शब्द आहे, आणि जुन्या संस्थांच्या अटी त्या शब्दात पाय रोवून उभ्या राहू शकत होत्या. नव्या संस्थांनी मात्र नकाराऐवजी आकाराचा मार्ग धरला. सदनिका विकली जात असताना ‘ना हरकत’ दाखला देण्यासाठी मोठी देणगी मागावी, सदनिका भाड्याने दिल्यास मालकाकडून जबर शुल्क घ्यावे, असे प्रकार इतके वाढले की २००१ साली सरकारला मर्यादा ठरवाव्या लागल्या: महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे, आणि सदनिका भाड्याने दिल्याबद्दल आकारले जाणारे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये.

अहमदाबादचा खटला

जुने तत्त्व आणि नवा बाजार यांची समोरासमोर गाठ पडली ती महाराष्ट्राबाहेर, पण मुंबई इलाख्यातच जन्मलेल्या एका संस्थेच्या प्रकरणात. अहमदाबादेतील झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्था १९२६ साली, मुंबई सहकारी संस्था अधिनियम, १९२५ खाली नोंदविली गेली होती, आणि तिच्या उपविधींनी सभासदत्व पारशांपुरते मर्यादित केले होते. वडिलांकडून भूखंड वारशाने आलेल्या एका सभासदाला जुन्या बंगल्याच्या जागी इमारत बांधून सदनिका पारशेतरांनाही विकायच्या होत्या. संस्थेने हरकत घेतली आणि वाद निबंधकाकडून न्यायालयात गेला. गुजरात उच्च न्यायालयाने अशी अट मालमत्तेच्या हस्तांतरणावर अवाजवी निर्बंध घालते असे म्हटले. १५ एप्रिल २००५ रोजी न्या. बी. एन. श्रीकृष्ण आणि न्या. पी. के. बालसुब्रमण्यन यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निकाल फिरविला.

या निकालाची मांडणी तीन पायांवर उभी आहे. पहिला, संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या १९(१)(ग) या अनुच्छेदाने दिले आहे आणि कोणासोबत संघटित व्हायचे हे ठरविणे त्या स्वातंत्र्याचा भाग आहे. दुसरा, धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा अनुच्छेद १५ राज्यसंस्थेला बांधतो, खासगी सहकारी संस्थेला तो तसा लागू होत नाही. तिसरा, स्वेच्छेने सभासद होऊन उपविधी मान्य केलेल्या माणसाला ते नंतर नाकारता येत नाहीत. ते लोकनीतीविरुद्ध वाटत असतील तर कायदा बदलण्याचे काम विधिमंडळाचे आहे. एका अल्पसंख्य आणि संख्येने घटत चाललेल्या समाजाने स्वतःच्या पैशाने उभारलेली वसाहत टिकविण्याचा प्रश्न न्यायालयापुढे होता, आणि त्या चौकटीत निकालाचा युक्तिवाद सुसंगत आहे. तथापि तोच युक्तिवाद बहुसंख्य आणि बलिष्ठ समूहाच्या हातीही तितकाच धारदार ठरतो, हा त्यावरील मुख्य आक्षेप राहिला आहे. वंशावर आधारित अटी न्यायालयाकरवी अमलात आणता येणार नाहीत असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात ठरविले आणि १९६८ साली तिथे घरांच्या विक्री-भाड्यातील भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. भारतात खासगी निवासाला व्यापून टाकणारा तसा सर्वसाधारण कायदा झालेला नाही.

अलिखित पोटनियम

तरीही मुंबईतील बहुसंख्य संस्थांच्या उपविधींत धर्माची किंवा जातीची अट नाही, कारण ते शासनाच्या आदर्श उपविधींवरून उतरविलेले असतात आणि बिल्डरने विकलेल्या सदनिकेच्या खरेदीदाराला सभासदत्व नाकारण्यास त्यांत जागा उरलेली नाही. निवड थांबलेली नाही. ती संस्थेच्या दप्तरातून उठून दलालाच्या फोनवर आणि विक्री कार्यालयाच्या टेबलावर गेली आहे. पूर्ण शाकाहारी इमारत, अमुक समाजाला प्राधान्य, कुटुंबालाच जागा, एकट्या मुलींना नको, अशा अटी कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत. जातीचा उच्चार गैरसोयीचा झाल्यावर आहार हा तिचा सर्वांत सभ्य पर्याय ठरला. शिजणाऱ्या माशाच्या वासाबद्दल तक्रार करता येते, माणसाच्या आडनावाबद्दल करता येत नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यासारख्या ठिकाणी जाऊन राहिली आणि त्यामागे भीतीइतकाच हा अलिखित नकारही होता. ही कात्री मराठी माणसालाही लागते हे २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारली गेल्याच्या घटनेने उघड झाले, आणि तेव्हा उसळलेल्या संतापात, मराठी भाषकांच्या संस्थांनी इतरांना दिलेल्या नकारांची आठवण फारशी निघाली नाही.

कुंपणभिंतीची वाढ या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेत झोपडीधारकांना त्याच जागी, सुरुवातीस २२५ चौरस फुटांचे, विनामूल्य घर देऊन उरलेल्या जमिनीवर विक्रीसाठी इमारत बांधण्याची मुभा विकासकास मिळाली. एका भूखंडाचे त्यामुळे दोन भाग पडले, ‘पुनर्वसन’ इमारत आणि ‘विक्री’ इमारत, आणि पुष्कळ ठिकाणी दोहोंच्या मध्ये भिंत व दोहोंना स्वतंत्र प्रवेशद्वारे आली. पुण्याजवळ हडपसरला मात्र निराळा प्रयोग झाला. मगरपट्टा येथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली अंदाजे ४०० एकर जमीन एकत्र करून २००० सालापासून स्वतःच नगर वसविले. तालमकींच्या पिढीप्रमाणे इथेही भांडवल नात्यागोत्यातल्या माणसांनी एकत्र केले, फरक इतकाच की त्यांनी ते शेजारी निवडण्यासाठी केले नाही, येईल त्याला घर विकून त्या उत्पन्नात आपला वाटा राखण्यासाठी केले.

नव्या संकुलांच्या आतही मागल्या जिन्याचा वारसा चालू आहे. घरकाम करणाऱ्या बायकांनी, दूध-वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलांनी आणि सामान पोचविणाऱ्यांनी मालवाहू लिफ्टच वापरावी अशी पाटी उद्वाहनाशेजारी लावलेली आढळते. मोबाईलवरील ॲपमध्ये त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा नोंदविल्या जातात. गोल लोखंडी जिना आणि मालवाहू लिफ्ट यांच्यात पाऊण शतकाचे अंतर असले तरी दोन्हींचा उद्देश एकच, म्हणजे ज्याच्या श्रमावाचून घर चालत नाही त्याची वाट घरमालकाच्या वाटेला छेदू नये हा.

भाग दाखल्याची मागील बाजू

सहकाराला २०१२ साली ९७ व्या घटनादुरुस्तीने नवी प्रतिष्ठा मिळाली. संघटनास्वातंत्र्याच्या अनुच्छेदात ‘सहकारी संस्था’ हे शब्द घातले गेले, आणि त्या दुरुस्तीचा राज्यांतील संस्थांविषयीचा बराचसा भाग सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रद्द ठरविला तरी हे शब्द कायम राहिले. २०१९ साली महाराष्ट्राने आपल्या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. तथापि संस्थेच्या इतिहासाचा सर्वांत बोलका दस्तऐवज या कायद्यांपैकी कोणताही नाही. तो प्रत्येक सभासदाच्या कपाटात असतो: संस्थेचा भाग दाखला, ५० रुपयांचा एक याप्रमाणे पाच किंवा दहा भागांचा, म्हणजे दर्शनी किमतीने २५० किंवा ५०० रुपयांचा कागद, ज्याच्या आधारावर आज कोटींच्या घरांचे व्यवहार होतात. त्याच्या मागील बाजूस एक तक्ता छापलेला असतो, हस्तांतरणाची तारीख, देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, नोंदवहीतील क्रमांक आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या असे रकाने असलेला. जुन्या इमारतींतील अशा दाखल्यांवर वरून खाली वाचत गेल्यास एका प्रदेशाच्या आडनावांखाली दुसऱ्या प्रदेशाची, एका पेशाच्या माणसांखाली दुसऱ्या पेशाची नावे येताना दिसतात. तालमकींच्या पिढीला जी सरमिसळ कल्पनेतही आली नसती ती या कागदावर कोणत्याही चळवळीवाचून, केवळ वारसा, कर्ज आणि बाजारभाव यांच्या रेट्याने घडली आहे. भाडेकरूचे नाव मात्र त्या तक्त्यात येत नाही, आणि फोनवरच नकार मिळालेल्या माणसाचे नाव येण्याचा तर प्रश्नच नसतो. पूर्वीच्या पोटनियमाला निदान निबंधकापुढे आव्हान देता येत होते, कारण तो लिहिलेला होता. आजचा नकार कोठेही लिहिला जात नाही, म्हणून त्याविरुद्ध अपिलाचा अर्ज कोणत्या कलमाखाली करावा हे सांगणारा कायदा अजून व्हायचा आहे.